त्रिपक्षीय नळ

अहवाल गुळगुळीत कागदाचा होता, आणि धाकटीचं बिनसलं ते त्या गुळगुळीतपणापासूनच. खरखरीत कागदावर छापला असता तर फोटो इतका चांगला आला नसता. फोटो इतका चांगला आला नसता, तर पुढचे सात महिने तिच्या घरात, इमारतीत आणि नगरपालिकेच्या पाणी खात्यात जे झालं ते झालं नसतं. पण नळांच्या प्रकल्पाला मदत पडली परदेशातली. तिकडे म्हणे पोचपावतीसुद्धा गुळगुळीत असते.

मुखपृष्ठावर पाच बुटके नळ, मागे पिवळ्या फरशा. पुढे धाकटीची थोरली जाऊ गुडघ्यांवर बसलेली, मान जराशी कलती करून हसणारी. हे हसू धाकटीने लग्नानंतरच्या सहा वर्षांत एकदाही पाहिलेलं नव्हतं. आणि तिला टेकून, ओले हात कॅमेऱ्यापुढे धरून उभी ठकी. चार वर्षांची ठकी. धाकटीची ठकी. नऊ महिने पोटात आणि पुढे दीड वर्ष जवळजवळ अखंड कडेवर जिला धाकटीने वागवलं, ती ठकी. फोटोखाली बारीक अक्षरांत एक ओळ होती: 'प्रकल्पाच्या लाभार्थी – एक समाधानी आई आणि तिची मुलगी.'

धाकटीने ती ओळ तीनदा वाचली. मग नवऱ्यापुढे धरली.

नवरा म्हणाला, "वहिनीचा फोटो मस्त आलाय की."

संसारात अशी वाक्यं असतात, जी माणूस बोलून जातो आणि मग त्याला आठवडाभर आपला चहा आपणच करून घ्यावा लागतो.

"खाली वाच," ती म्हणाली.

त्याने वाचलं. "समाधानी आहे की ती. खोटं काय आहे?"

"आणि मी कोण?"

"तू असमाधानी," असं म्हणून तो हसला. आठवड्याचे दोन आठवडे झाले.

अहवाल घेऊन आल्या होत्या सासूबाई. त्या महिन्यातले पंधरा दिवस थोरलीकडे आणि पंधरा दिवस धाकटीकडे राहत, आणि एका घरातून दुसऱ्या घरात येताना रिकाम्या हाताने कधी येत नसत. काही नसलं तर निदान बातमी आणत. दोन्ही घरांमध्ये एक गल्ली होती. जावा जावा उभा दावा म्हणतात, तसं काही इथे नव्हतं. भांडायला वेळच नव्हता. धाकटी विमा कंपनीच्या कचेरीत अर्धा दिवस काम करायची. त्या अर्ध्या दिवसात ठकी असायची थोरलीच्या बालवाडीत, मागच्या गल्लीत. थोरलीची दोन्ही मुलं मोठी होऊन वसतिगृहात गेलेली, घर मोकळं, म्हणून तिने ही बालवाडी काढली होती; फोटोतले नळ तिथलेच. ठकी तिथे सुखात होती. नेमकं तेच धाकटीला सुखाने जगू देत नव्हतं. घरी आल्यावर ठकीच्या प्रत्येक वाक्याची सुरुवात "काकू म्हणते" अशी व्हायची. काकू म्हणते नखं खायची नाहीत. काकू म्हणते आधी उजवा बूट. मूल सांभाळल्याबद्दल आभार मानायचे आणि त्याच तोंडाने जळायचं, ही कसरत धाकटी दोन वर्षं करत होती आणि तिला वाटत होतं की ती कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसऱ्याच दिवशी ती प्रकल्पाच्या कचेरीत गेली. तिथे परदेशी मदतसंस्थेच्या वतीने एक बाई बसत. सगळे त्यांना प्रकल्पबाई म्हणत, आणि त्याही फोनवर "प्रकल्पबाई बोलतेय" असंच म्हणत.

"चूक झालीये," धाकटी म्हणाली. "ही माझी मुलगी."

प्रकल्पबाईंनी संगणकात पाहिलं. "नाही हो. नोंदणीच्या दिवशी पालक म्हणून यांचीच सही आहे."

ते खरं होतं. नोंदणीच्या दिवशी धाकटीला रजा मिळाली नव्हती, आणि तिनेच थोरलीला सांगितलं होतं, "जाऊबाई, तेवढी सही तुम्हीच करून टाका." संगणकात पालक हा एकच रकाना होता. पालक पुरुष असेल तर बाप आणि बाई असेल तर आई, हे संगणक आपलं आपण ठरवायचा. त्याला काकू हे नातं शिकवलेलंच नव्हतं.

"मग दुरुस्त करा."

"अहवाल बेचाळीस कचेऱ्यांत गेलाय," प्रकल्पबाई म्हणाल्या, जणू बेचाळीस कचेऱ्यांत गेलेली गोष्ट तेवढ्यानेच खरी होते. मग त्यांना धाकटीच्या चेहऱ्याची दया आली असावी. "तुम्ही स्वतःच अर्ज का करत नाही? दुसरी फेरी चालू आहे. तुमच्या इमारतीत मुलं असतीलच."

मुलं होती. तळमजल्यावरच्या एका खोलीत संध्याकाळी इमारतीतल्या आया मिळून खेळघर चालवत. तिथे हात धुवायला एका स्टुलावर तोटीचं पिंप ठेवलेलं होतं. मुलं ओळीने येत, तोटी फिरवत, हात धुवत आणि फ्रॉकला पुसत. वर्षानुवर्षं त्यात कोणालाही काही कमी वाटलं नव्हतं. पण कचेरीतून घरी येताना धाकटीला ते पिंप एकाएकी फार केविलवाणं दिसायला लागलं.

अर्ज बावीस पानांचा होता. इथे सांगायला हवं, की अर्ज भरणं ही धाकटीची कला होती. विमा कंपनीत लोक तिच्याकडे अर्ज घेऊन रांगेत उभे राहत. रकान्याबाहेर तिचं अक्षर कधी जात नसे, आणि 'लागू नाही' हे शब्द ती असे लिहायची की वाचणाऱ्यालाही ते लागू नाही याचं समाधान वाटावं. तिने एका बैठकीत एकवीस पानं भरली आणि शेवटच्या पानावर घोडं अडलं. प्रश्न होता: 'तुमचा खाजगी भागीदार कोण?'

ही भागीदारीची पद्धत प्रकल्पबाईंनी तिला कागदावर तीन गोल काढून समजावली. "परदेशी संस्था दृष्टी देते. खाजगी कंपनी कौशल्य देते. नगरपालिका पाणी देते."

"आणि नळ कोण देतं?"

"तो समुदाय देतो."

"समुदाय म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही."

थोरलीकडे खाजगी भागीदार साबणाची कंपनी होती. हात धुणं आणि साबण, सरळ जमलं. धाकटी त्याच कंपनीकडे गेली तर तिथल्या साहेबांनी सांगितलं की एका पेठेत त्यांचं एकच केंद्र असतं. टॉवेलवाल्यांनी वर्षाचं समाजकार्य आधीच उरकलं होतं. बादल्यांच्या कारखान्याने तर उघड सांगितलं की नळ झाले तर बादल्या कोण घेणार. शेवटी नवऱ्याच्या ओळखीने एक कंपनी तयार झाली. ती दारावरच्या घंट्या बनवायची.

"घंटीचा आणि हात धुण्याचा संबंध काय?" धाकटीने विचारलं.

घंटीवाले साहेब उत्साही होते. "संबंध नसतो, जोडायचा असतो. मूल नळाखाली हात धरेल. घंटी वाजेल. मूल खूश. खूश मूल परत हात धुवेल. याला आम्ही सवयबांधणी म्हणतो."

धाकटीने मनातल्या मनात थोरलीच्या नळांकडे पाहिलं. ते वाजत नव्हते. तिने सही केली.

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. पहिल्या मजल्यावर एक निवृत्त ओव्हरसियर राहत. तीस वर्षं पाणी खात्यात काढल्यामुळे ते कोणाच्याही घरी गेले की आधी नळ सोडून पाहत आणि मग बसत.

ते जिन्यातच म्हणाले, "कुठून जोडणी घेणार?"

"रस्त्यावरच्या लाइनीवरून."

"ती लाइन एकच आहे. आधी मागची गल्ली, मग आपण. तुमच्या जाऊबाईंचे पाच नळ सुरू असले की तुमच्याकडे फुस्स."

"असं कसं होईल? तज्ज्ञांनी पाहिलंय."

"मीच तो तज्ज्ञ होतो," ओव्हरसियर म्हणाले. "आता तिथे कोणी नाही."

धाकटीला वाटलं, यांनाही पोटदुखी. माणसाला स्वतःला जो आजार झालेला असतो, तोच त्याला दुसऱ्यात पटकन दिसतो.

मग नगरपालिका. पाणी खात्यातल्या कारकुनाने फाइल उघडली, पहिल्या पानावरचे तीन गोल पाहिले आणि फाइल मिटली. "नगरपालिका भागीदार म्हणजे जागा सार्वजनिक हवी. खोलीत नळ देता येणार नाही. खोली खाजगी."

"पण मुलं खोलीत असतात."

"मुलांचं आमच्याकडे काही नाही. आमच्याकडे नळाचं आहे."

त्यामुळे नळ खोलीतून बाहेर आले, इमारतीच्या पुढच्या मोकळ्या जागेत, जिथे ओव्हरसियरांची स्कूटर उभी असायची. स्कूटर हलवायला ते तयार झाले, पण एका अटीवर. घंटी वाजली तर ती त्यांच्या दुपारच्या झोपेत वाजू नये. घंटीवाल्या साहेबांनी शब्द दिला, आणि शब्द देताना त्यांच्या लक्षात आलं नाही की ओव्हरसियरांच्या दारावरची घंटी त्यांच्याच कंपनीची होती आणि सूरही तोच.

ओटा बांधायला गवंडी आला. धाकटीने त्याच्या हातात मदतसंस्थेचा प्रमाणित नकाशा दिला. तो लांब कुठल्यातरी देशात काढलेला होता आणि त्यावर सात शिक्के होते.

गवंड्याने तो उलटा, सुलटा आणि मग आडवा धरून पाहिला. "बाई, हा ओटा माझ्या कमरेपर्यंत येतो."

"मग?"

"मग पोरं?"

"नकाशात जसं आहे तसं," धाकटी म्हणाली. एक तसूभर इकडेतिकडे झालं तर तपासणीत अडवतील, हे तिला नोकरीमुळे ठाऊक होतं. "नकाशा जगभर चालतो."

"चालत असेल. तिकडची पोरं उंच असतील."

ओटा झाला. गुळगुळीत, चकचकीत, थोरलीच्या पिवळ्यापुढे निळ्या फरशांचा. वर मोठा फलक, आणि त्यावर तिन्ही भागीदारांची बोधचिन्हं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तसा फलक नळांपेक्षा बराच जड होता आणि त्याला धरून ठेवायला दोन खांब वेगळे लावावे लागले. ठकीला तिने मोठ्या ऐटीने आणून समोर उभं केलं. ठकीचं कपाळ ओट्याच्या कडेला लागलं.

"नळ कुठे आहेत?" ठकीने विचारलं.

"वर."

ठकीने मान वर केली. "काकूकडे खाली असतात," ती म्हणाली, कसलाही आरोप न करता, आणि आत पिंपाकडे हात धुवायला गेली.

पायऱ्या जोडायच्या तर सुधारित नकाशा, आणि सुधारित नकाशाला पुन्हा सात शिक्के. धाकटीने त्याचाही अर्ज केला. उत्तर आलं की विचार चालू आहे.

पण खरा घोळ पुढेच होता. अंतिम मंजुरीसाठी पाच वर्षांखालचे चाळीस लाभार्थी हवे होते. खेळघरात मुलं अकरा. प्रकल्पबाई म्हणाल्या, परिसरातली धरली तरी चालतील. धाकटीने घरोघर फिरून यादी केली, आणि सगळ्यात वर, तिच्या सुंदर अक्षरात, ठकीचं नाव घातलं. यादी परत आली. ठकीच्या नावापुढे लाल खूण होती.

"ही आधीच दुसऱ्या केंद्राची लाभार्थी आहे," प्रकल्पबाईंनी सांगितलं. "एका मुलाला दोन ठिकाणी हात धुता येत नाहीत. म्हणजे धुता येतात, मोजता येत नाहीत. तिला तिथून काढायचं तर आईची सही लागेल."

"करते. कुठे करू?"

"तुमची नाही हो. आईची. कागदोपत्री जी आई आहे, तिची."

प्रकल्पबाईंनी तिच्यापुढे छापील ना-हरकत पत्र सरकवलं.

त्या संध्याकाळी ती थोरलीकडे गेली. बोलणी तिने वाटेत पाठ केली होती, आणि त्यात 'तुम्ही' हा शब्द बराच थंडपणे यायचा होता. दार उघडल्याबरोबर तिला समोर फ्रिजवर तो फोटो दिसला. मुखपृष्ठ कापून चौकटीत बसवलेलं. ते पाहून तिचा थंडपणा उकळायला लागला.

"चौकट केलीत वाटतं."

"छान आलीये ना ठकी," थोरली म्हणाली. "खाली काहीतरी भलतंच छापलं होतं मेल्यांनी. ती पट्टी मी मागे दुमडून टाकलीये. तू बघशील, तुला वाईट वाटेल, म्हणून म्हटलं."

धाकटीने पाहिलं. खरंच, फोटो ओल्या हातांपाशी संपत होता. पाठ केलेल्या भाषणातली अर्धी वाक्यं त्या एका दुमडीत अडकली. उरलेली अर्धी आठवेपर्यंत थोरलीने चष्मा लावून कागद हातात घेतलाही होता आणि मोठ्याने वाचायला लागली होती.

"'मी लिहून देते की सदर बालिकेशी माझा कोणताही संबंध नाही व भविष्यात राहणार नाही.'"

मग तिने पेन शोधलं. पेन समोरच होतं, तरी शोधलं.

"अगं, यातलं 'कोणताही' एवढं खोडून चाललं तर बघ ना," ती म्हणाली. "आणि ते भविष्याचं. बाकी करते मी सही. तुझंच मूल आहे."

धाकटीला स्वतःचा राग आला, आणि तो आल्याबद्दल थोरलीचाही राग आला. हीच तर थोरलीची खुबी होती. भांडायला जावं तर ती चांगली वागायची, आणि मग घरी जाऊन भांडण एकटीने करावं लागायचं. तिने पेन घेऊन 'कोणताही' खोडलं. मग भविष्यही खोडलं. थोरलीने सही केली आणि म्हणाली, "तुझ्या नळांना घंटी आहे म्हणे?"

"हो."

"आमच्यांना नाही," थोरली म्हणाली. तिच्या आवाजात काहीतरी होतं, आणि धाकटीने ते अचूक ओळखलं. दोन वर्षं तेच तर ती स्वतःच्या घशात सांभाळत होती. तिला एकदम फार बरं वाटलं.

पत्र तीन दिवसांत परत आलं. कारण: खाडाखोड. नवीन कोरं पत्र भरून पाठवण्याची सूचना होती. धाकटीने कोरं पत्र आणलंही. ते तिच्या पर्समध्ये महिनाभर फिरलं, आणि मग त्याच्या मागच्या बाजूला ठकीने एक घर काढलं आणि घराला सहा खिडक्या. त्यामुळे तो प्रश्न सुटला असं धरून चालायला हरकत नव्हती. ठकी कागदोपत्री थोरलीचीच राहिली. यादीत एकोणचाळीस मुलं उरली, आणि त्यातलीही अठ्ठावीस अशी होती की त्यांच्या आयांनी होकार देऊन दुसऱ्याच क्षणी तो विसरून टाकला होता.

पाहणीचा दिवस उजाडला. साडेदहा वाजता परदेशी संस्थेचे तीन पाहुणे, घंटीवाले साहेब, नगरपालिकेचा कारकून आणि प्रकल्पबाई फलकाखाली येऊन उभे राहिले. मुलं होती अकरा. लाल फीत कापली गेली. धाकटीने पहिला नळ सोडला.

फुस्स.

दुसरा सोडला. तिसरा सोडला. नळाखाली हात गेल्यामुळे घंटी मात्र वाजली. पहिल्या मजल्यावरचं दार उघडलं आणि ओव्हरसियर बाहेर आले. "कोण आहे?" त्यांनी खाली पाहिलं, हवेत हात धरून उभी असलेली धाकटी पाहिली आणि म्हणाले, "साडेदहाला मागच्या गल्लीत बालवाडीची हात धुण्याची वेळ असते." आणि दार लावून घेतलं.

कारकून आभाळाकडे पाहायला लागला. प्रकल्पबाई पाहुण्यांना त्यांच्या भाषेत भराभर काहीतरी सांगायला लागल्या. त्यांच्या हातवाऱ्यांवरून ते बहुधा दृष्टीबद्दल असावं.

धाकटीपुढे दोनच रस्ते होते. एक म्हणजे इज्जत. दुसरा म्हणजे थोरलीला फोन. ती जिन्याखाली गेली. सात महिने जिच्यापेक्षा वरचढ ठरायला धडपडलो, तिलाच फोन करून 'तुमचे नळ बंद करा' असं सांगायचं, हे काम सोपं नाही. तिने आकडे दाबले.

"जाऊबाई, जरा तुमचे नळ बंद करता का? पाच मिनिटं. माझ्याकडे पाहुणे आहेत आणि पाणी येत नाहीये."

मग थोरलीचा आवाज, फोनपासून लांब: "चला रे, नळ बंद. हात तसेच राहू देत. रांग करा." आणि मग फोनमध्ये: "किती मुलं कमी पडतायत तुला?"

"तुम्हाला कोणी सांगितलं कमी पडतायत म्हणून?"

"सासूबाईंनी."

सहा मिनिटांनी गल्लीच्या कोपऱ्यावरून तीस मुलांची रांग वळली. प्रत्येकाने पुढच्याचा सदरा धरलेला, आणि प्रत्येकाच्या हाताला साबणाचा फेस, कारण त्यांना अध्येमध्येच उठवून आणलं होतं. सगळ्यात पुढे ठकी आणि तिचा हात धरलेली थोरली. नळाला पाणी आलं. मुलं ओट्याशी आली आणि थांबली. तीस कपाळं ओट्याला लागली.

थोरलीने ओटा पाहिला, मग धाकटीकडे पाहिलं आणि आवाज खाली केला. "अगं, ठकीच्या कोपराला लावून माप नाही घेतलंस? मी गवंड्यासमोर तिला उभी केली होती. खडूने खूण केली होती तिच्या कोपराशी. नकाशा मी दाखवलाच नाही त्याला."

धाकटीला ते वाक्य असं लागलं की घंटी वाजल्याचंही कळलं नाही. पाच बुटके नळ. सात महिने ती ज्यांच्यावर जळत होती, ते नळ तिच्याच लेकीच्या कोपराच्या उंचीचे होते.

पण उभं राहून विचार करायला वेळ नव्हता. मुलांच्या हातावरचा फेस वाळायला लागला होता. तिने ठकीला उचललं. शेजारच्या नळाशी थोरलीने दुसरं एक उचललं. घंटी. मग तिसरं, मग चौथं. घंटी, घंटी. उचल, धू, खाली ठेव. हात धुवून झालेली मुलं घंटी पुन्हा ऐकायला रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहायला लागली, त्यामुळे मोजायला बसलेल्या प्रकल्पबाईंचे लाभार्थी साठाच्या वर गेले. घंटीवाले साहेब सवयबांधणी, सवयबांधणी असं पुटपुटत होते. वर ओव्हरसियर दर घंटीला दार उघडत, "कोण आहे?" विचारत आणि लावून घेत. माणूस सवयीचा गुलाम असतो हे घंटीवाल्यांचं म्हणणं तेवढ्यापुरतं तरी सिद्ध झालं. नवरा कचेरीतून डोकावायला आला होता. त्यालाही दोन्ही हातांत दोन मुलं देण्यात आली आणि आठवड्यांचा हिशेब तिथे मिटला.

पाहुण्यांतल्या सगळ्यात उंच बाईंनी खिशातून वही काढली आणि बराच वेळ लिहिलं. मग काही विचारलं. प्रकल्पबाईंनी भाषांतर केलं. "त्या विचारतायत, ओटा मुद्दाम उंच ठेवण्याची कल्पना कोणाची?"

धाकटी आणि थोरली, दोघींच्या हातांत एकेक ओलं मूल, एकमेकींकडे बघायला लागल्या.

"आमची दोघींची," थोरली म्हणाली.

दोन महिन्यांनी अहवाल आला. गुळगुळीत. आत चार पानं फक्त उंच ओट्यावर होती. त्यात लिहिलं होतं की मुलाला उचलावं लागत असल्याने पालक आणि बालक यांच्यातली जवळीक वाढते, आणि हा ओटा आता इतर चौदा देशांत बांधण्यात येईल. पायऱ्यांचा अर्ज त्याच कारणाने नामंजूर झाला होता. आणि मुखपृष्ठावर धाकटी. केस विस्कटलेले, पदर भिजलेला, कडेवर ठकी, ठकीचे दोन्ही हात नळाखाली आणि दोघींची तोंडं उघडी, कारण त्या क्षणी घंटी वाजली होती. कडेला, कापल्या गेलेल्या थोरलीचा फक्त एक कोपर दिसत होता.

खाली बारीक अक्षरांत ओळ होती: 'स्वतःचे मूल नसूनही दुसऱ्यांच्या मुलांसाठी झटणाऱ्या एक स्थानिक कार्यकर्त्या.'

सासूबाईंनी ती ओळ चष्मा पुढे-मागे करून वाचली आणि पहिल्यांदाच काही बातमी न देता आत निघून गेल्या. नवऱ्याने तोंड उघडलं, बायकोकडे पाहिलं आणि मिटलं. माणूस शिकतो.

तेवढ्यात थोरली आलीच. तिच्या हातात तिची प्रत होती. "मुखपृष्ठावर तू एकटीच," ती म्हणाली. "माझा नुसता कोपर. मी प्रकल्पबाईंना विचारलंय, आमचेही नळ उंच करून मिळतील का म्हणून."

"अजिबात उंच करू नका," धाकटी म्हणाली, आणि स्वतःच्याच आवाजाने दचकली. "तिथे हात धुते ती. उंच केलेत तर बघा."

थोरली हसली. मान जराशी कलती करून. सहा वर्षांत पहिल्यांदाच धाकटीसाठी.

ठकी अहवालाशी येऊन उभी राहिली. तिला अजून वाचता येत नव्हतं. तिने ओलसर बोट फोटोवर टेकवलं. "ही मी. ही आई." मग बोट कडेला सरकलं. "हा काकूचा कोपर." तेवढं सांगून ती बापाला ओढत खाली खेळायला गेली. बेचाळीस कचेऱ्यांना आणि एका संगणकाला जे सांगायला धाकटीने सात महिने घातले, ते तिला कोणी विचारलंच नव्हतं. आईनेसुद्धा नाही.

धाकटीने कात्रीने मुखपृष्ठ कापून घेतलं. चौकट थोरलीने येताना आणलीच होती, फ्रिजवरच्या चौकटीची जोड. खालची पट्टी धाकटीने मागे दुमडली, नखाने नीट घडी दाबली आणि फोटो चौकटीत सरकवला.

खाली घंटी वाजली. पहिल्या मजल्यावरचं दार उघडलं. "कोण आहे?" ओव्हरसियरांनी विचारलं.

"आमचीच आहे," दोघी जावा खिडकीतून एकदमच म्हणाल्या.